चिंचेचे झाड आणि नवी कथा

हैदराबादेत उस्मानिया रुग्णालयाच्या आवारात एक जुने चिंचेचे झाड आहे. 28 सप्टेंबर 1908 च्या महापुरात मुसी नदीने हजारोंचा बळी घेतला, तेव्हा या झाडाच्या आश्रयाने सुमारे 150 जीव वाचले, असे सांगतात.

संगणकावरील नव्या कथेत वाचक स्वतःची वाट स्वतः निवडतो. मायकेल जॉइस यांच्या 1987 मधील ‘आफ्टरनून’ या कथेतील बाप मुलाच्या अपघाताच्या शंकेला बगल देत राहतो. वाचकही त्या सत्यापाशी पोहोचेलच असे नाही. माणसाची स्मृती अशीच चालते, हे या कथाप्रकाराचे बळ होय.

परंतु नगराच्या स्मृतीला ही मुभा देता येईल काय? महापुराच्या आठवणीतूनच विश्वेश्वरय्यांच्या सल्ल्याने पुढे उस्मानसागर झाला. ती आठवण पुसट होताच तलाव-नाल्यांवर घरे उभी राहिली आणि 2020 च्या ऑक्टोबरात शहर पुन्हा बुडाले.

मुसीची कथा या नव्या रूपात कोणी अवश्य रचावी. वाचक पुलावरून निघो वा धरणावरून. प्रत्येक वाट त्या चिंचेखालून गेली पाहिजे. मांडवीच्या काठी राहणाऱ्या आम्हा गोमंतकीयांनीही आपल्या नदीच्या अशा खुणा आताच नोंदवून ठेवाव्यात.