पायांचे फोड आणि मोजे
१९२० साली अँटवर्पच्या ऑलिंपिकमध्ये बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये १९ वे आले. त्या काळचे आपले खेडूत धावपटू अनवाणीच सराव करीत. त्यांचे तळवे निबर झालेले असत. पहाटे सिद्धारूढ मठाच्या रस्त्याने पळणारी आमची जुन्या हुबळीची मुले बुटांत वाढलेली. घामाने भिजलेली कातडी वारंवार ओढली गेली की तिचे थर सुटतात व मध्ये पाणी साठते, हाच फोड. सुती मोजे घाम धरून ठेवतात. गणवेशातले मोजे म्हणूनच लांब पल्ल्यास वर्ज्य. पातळ लोकरीचे वा कृत्रिम धाग्याचे, टाचेशी चुणी न पडणारे घ्यावेत. बोटांना व्हॅसलीन लावावे. नवे बूट शर्यतीच्याच दिवशी चढवणे हा निव्वळ अविचार! फोड आलाच तर वरची कातडी सोलू नये. मधुमेही वाचकांनी तो डॉक्टरांनाच दाखवावा.