रजेवरचा दौरा

आमच्या अधिकारीबंधूंची रजा म्हणजे दौऱ्याचीच धाकटी बहीण. स्टेशनवर मोटार, विश्रामगृहात खोली आणि देवळापर्यंत वाट दाखवावयास हाताखालचा कोणी तरी हवाच! इंग्लंडच्या नैर्ऋत्य किनारवाटेचे नाव काढताच त्यांना हसू येते. माइनहेडपासून पूल नावाच्या बंदरापर्यंत सुमारे १,०१४ किलोमीटर, पायी, वाटाड्यावाचून? 'हे रिकामटेकड्यांचे काम,' म्हणतात.

मुळीच नव्हे. ही वाट पुष्कळशी मळली ती सरकारी नोकरांच्याच पायांनी. चोरट्या मालासाठी किनाऱ्याची प्रत्येक खाच धुंडाळणारे किनारारक्षक तिने चालत. म्हणूनच ती कड्याची कड सहसा सोडीत नाही. १९७८ मध्ये ती सलग राष्ट्रीय वाट झाली. खांबावरील ओकफळाची खूण पाहावी, नकाशा स्वतः वाचावा. बोजा पुढच्या मुक्कामी पोचविणारे पैसे टाकले की मिळतात. त्यात आम्हांस कमीपणा दिसत नाही. परंतु अर्म नदीस होडी नाही. ओहोटीची वेळ स्वतः पाहून पाण्यातून उतरावे लागते; तेथे हुद्दा उपयोगी पडत नाही.

पुरीस तीन वर्षे काढून ज्यांनी समुद्र मोटारीच्या काचेतून पाहिला, त्यांनी आम्हांस हसावे काय? शिपायास घरी ठेवून त्यांनी एकदा किनाऱ्याने कोणार्ककडे निघावे. वाटेत कुशभद्रेचे मुख आडवे येईल. ते कोठून ओलांडावे, हे कोळ्यांना स्वतः विचारावे.