दूध गाळायची पिशवी वेगळी ठेवा

नारळाचे, सोयाबीनचे, शेंगदाण्याचे किंवा बदामाचे दूध घरी काढणाऱ्या सगळ्यांना एक कळकळीची विनंती आहे. ते गाळायला एक चांगली कापडी पिशवी शिवून घ्या, तिच्यात दुसरे काही गाळू नका आणि ती जेवणाच्या ताटाइतकी स्वच्छ ठेवा.

हे काम आपल्याकडे नवे नाही. कोकणात आणि गोव्यात सोलकढीसाठी, शिरवाळ्यांबरोबरच्या गोड रसासाठी ओले खोबरे वाटून फडक्यात पिळतात. पहिला जाड रस बाजूला ठेवायचा, चोथ्यात पुन्हा पाणी घालून दुसरा पातळ रस काढायचा. घाटावर कुरडयांसाठी गव्हाचा चीक आणि बाळासाठी नाचणीचे सत्त्वही असेच वस्त्रगाळ करतात. पण हे फडके एरवी अधूनमधून लागायचे. आता कुणाला गाईम्हशीचे दूध पचत नाही, कुणी ते विचारपूर्वक सोडलेले असते, आणि अशा घरांत हे फडके रोज ओले होते. रोज लागणाऱ्या कापडाची निगाही रोजच घ्यावी लागते, आणि हयगय नेमकी तिथे होते.

चहाची गाळणी या कामाला पुरी पडत नाही. तिच्या भोकांतून बारीक कण दुधात उतरतात, घशाला खरखरतात आणि दूध तापवताना पातेल्याच्या बुडाला लागतात. शिवाय गाळणीत पिळता येत नाही, आणि नारळाच्या बाबतीत तर सगळे पिळण्यावरच असते. खोबऱ्यातला स्निग्धांश कोमट पाण्याने आणि हाताच्या दाबाने सुटतो. मोकळ्या फडक्याचे टोक ऐन वेळी सुटते. पिशवीचे तोंड आवळून धरता येते.

पिशवीसाठी पांढरी सुती मलमल किंवा धुवट वायल घ्या. रंगीत कापड नको, रंग सुटतो. कोऱ्या कापडाला खळ असते, म्हणून शिवण्याआधी ते दोनदा धुऊन उकळून घ्या. साधारण 25 सेंटीमीटर रुंद आणि 30 सेंटीमीटर लांब पिशवी एका घराला पुरते. तळाचे कोपरे गोल शिवा आणि शिवणीची कड बाहेरच्या बाजूला ठेवा, म्हणजे आत चोथा अडकून राहणार नाही. बाजारात मिळणाऱ्या नायलॉनच्या जाळीच्या पिशव्या लवकर वाळतात, तेलही कमी धरतात. गार दुधासाठी त्या चांगल्या. मात्र उकळते काही त्यांत ओतू नका. गरम गाळायचे असेल तर सुतीच पिशवी वापरा.

आता धुण्याबद्दल, कारण माझे मुख्य सांगणे तेच आहे. दूध गाळून झाले की पिशवी तशीच सिंकमध्ये टाकून चहा प्यायला बसू नका. खोबऱ्याचा आणि दाण्यांचा अंश तेलकट असतो, तो धाग्यात वाळला की खवट होतो आणि पुढच्या दुधाला वास लागतो. आधी पिशवी उलटी करून चोथा झाडा, वाहत्या पाण्यात चोळा, मग गरम पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब टाकून धुवा. साबण पूर्ण निघेपर्यंत खळबळा. कपडे मऊ आणि सुगंधी करणारी द्रावणे तिला लावू नका. तो सुगंध दुधात उतरतो. पिळून, उलटीच, उन्हात किंवा मोकळ्या वाऱ्यावर वाळत घाला. पावसाळ्यात ऊन नसते तेव्हा पंख्याखाली पसरा, पण अर्धओली पिशवी घडी करून डब्यात ठेवू नका. तिला बुरशी लागते. सुती पिशवी आठवड्यातून एकदा दहा मिनिटे पाण्यात उकळा. घरात कुणाला दाण्यांची किंवा सुक्यामेव्याची ॲलर्जी असेल, तर त्या माणसासाठी पिशवी वेगळी ठेवा. धुतलेल्या कापडावरही भरवसा नको.

पिळणारे हातही मनगटापर्यंत धुतलेले हवेत, अंगठ्या काढलेल्या हव्यात. अंगठीखाली मळ असतो आणि तिच्या कडेने कापड फाटते.

सोयाबीनच्या दुधाबाबत विशेष जपा. कच्च्या सोयाबीनमध्ये पचनात अडथळा आणणारे घटक असतात. म्हणून आठ-दहा तास भिजवून, वाटून, गाळलेले दूध ढवळत पंधरा-वीस मिनिटे उकळलेच पाहिजे. त्याचा फेस फार लवकर वर येतो. फेस आला म्हणजे उकळी आली असे समजून गॅस बंद करू नका. शेंगदाणे निवडून घ्या, बुरसलेला किंवा काळा पडलेला दाणा टाकून द्या. ओट्सचे दूध मात्र जोरात पिळू नका, ते चिकट होते.

कोणतेही दूध गाळल्यावर लगेच फ्रीजमध्ये ठेवा आणि दोन-तीन दिवसांत संपवा. नारळाचा रस उन्हाळ्यात बाहेर राहिला तर काही तासांतच आंबतो.

चोथा सिंकच्या जाळीत ढकलू नका, नळी तुंबते. खोबऱ्याचा चोथा मंद आचेवर परतून लसूण-मिरचीबरोबर वाटला की चटणी होते. सोयाबीनचा चोथा थालीपिठाच्या भाजणीत मिसळा, पण थालीपीठ नीट भाजा, कारण तो कच्चाच असतो.

आणि एक गोष्ट तान्ह्या मुलांच्या आईवडिलांसाठी. वर्षाच्या आतल्या बाळाला घरचे बदामाचे, तांदळाचे किंवा नारळाचे दूध आईच्या दुधाऐवजी देऊ नका. गाईच्या 100 मिलिलिटर दुधात सुमारे 120 मिलिग्रॅम कॅल्शियम असते. घरच्या पातळ बदाम-दुधातले त्याच्या पासंगालाही पुरत नाही. मोठ्या मुलांचे आणि म्हाताऱ्यांचे कॅल्शियम नाचणी, तीळ आणि पालेभाज्यांतून भरून काढा, आणि गरज पडेल तिथे डॉक्टरांना विचारा.

आज स्वयंपाकघरातले ते फडके किंवा पिशवी बाहेर काढून उजेडात धरा. वास येत असेल, काळे ठिपके असतील किंवा धागा विरला असेल, तर ती अन्नाच्या कामातून काढून टाका आणि नवी शिवा.