मायएसक्यूएल फास्ट की पोस्टग्रेस?

हा वाद ऑफिसखालच्या टपरीवर कितीही वेळ चालू शकतो. कोणीतरी आलेख दाखवतं, एक पट्टी उंच, दुसरी बुटकी, की लागला निकाल! माझं म्हणणं एवढंच, की 'कमिट झालं' म्हटल्यावर डेटा खरंच डिस्कवर गेला होता का, हे सोबत लिहिलेलं नसेल तर तो आलेख बघूच नये.

साधा हिशोब करा. ७२०० आरपीएमची हार्ड डिस्क सेकंदाला १२० फेरे मारते. एकच कनेक्शन, प्रत्येक इन्सर्टला वेगळं कमिट आणि प्रत्येक कमिटला एफसिंक, तर सेकंदाला साधारण शंभर-सव्वाशे कमिट होणार. कोणी पाच हजार सांगत असेल तर मधली कुठली तरी कॅश "लिहिलं हो" म्हणून थाप मारतेय. (कॅशला बॅटरी असेल तर गोष्ट वेगळी.) एसएसडीवर आकडा वाढतो, प्रश्न तोच राहतो.

मायएसक्यूएलचा जुना दबदबा बऱ्याच अंशी मायआयसॅम इंजिनाचा. २०१० साली ५.५ आवृत्तीत इनोडीबी डिफॉल्ट झालं, तोवर मायआयसॅमचंच राज्य होतं. ट्रॅन्झॅक्शन नाहीत, ओळ बदलायची तर अख्खं टेबल लॉक. एवढं ओझं उतरवल्यावर पळणारच की! टेबलातल्या ओळींचा आकडाही ते बाजूला लिहून ठेवायचं, म्हणून नुसता 'काउंट' विचारला की चुटकीसरशी उत्तर. पोस्टग्रेसमध्ये प्रत्येक ट्रॅन्झॅक्शनला दिसणाऱ्या ओळी वेगळ्या असू शकतात, त्यामुळे मोजावंच लागतं. इनोडीबीलाही लागतं. दुकान बंद करून गल्ला मोजणारा आणि गिऱ्हाइकी चालू असताना मोजणारा, यांची शर्यत कशाला लावायची?

आणि सूट काय, दोघंही देतात. पोस्टग्रेसचं 'सिंक्रोनस कमिट' बंद करा, किंवा इनोडीबीचा लॉग दर कमिटला डिस्कवर न ढकलता साधारण सेकंदाला एकदा ढकला. दोन्हीकडे वेग वाढतो. वीज गेली तर शेवटची काही कमिट्स जातात, पण डेटाबेस शाबूत राहतो. पोस्टग्रेसचं एफसिंकच बंद केलं तर मात्र अख्खा डेटाबेस बिघडू शकतो. तुलनेत एका बाजूला सूट आणि दुसरीला नाही, ही सरळ सरळ लबाडी.

पानं किती वेळा उघडली याचा हिशोब ठेवायचा असेल तर मी ती सूट खुशाल घेईन. पण फी भरल्याची पावती हातात पडली आणि सर्व्हरवर नोंदच नाही, तर खिडकीवर उभ्या पालकांना कोणता आलेख दाखवणार?