घाटाखालचं ऊन पाणी

भुशी धरणाखालचा काळा कातळ साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. तरी पावसाळ्यात तिथे भिजणाऱ्यांची हुडहुडी काही जात नाही! ऊन पाण्यासाठी घाट उतरून पालीजवळचं उन्हेरे गाठायचं. बल्लाळेश्वराला जाणारे पुष्कळ, कुंडाकडे वळणारे थोडे. पुढे महाडजवळ सव, मग आरवली, तुरळ, राजवाडी. गोव्याला निघालेल्या गाड्या तिथून सुसाट जातात. यलोस्टोनसारखे फवारे इथे उडत नाहीत. तिथे खाली तप्त शिलारस आहे. आपला ज्वालामुखी केव्हाच निवाला. कोकणात पावसाचंच पाणी भेगांतून खोल झिरपतं, भूगर्भाच्या उष्णतेने तापतं आणि वर येतं. त्याला गंधकाचा दर्प असतो. नाक मुरडणाऱ्यांनी भुशीलाच कुडकुडावं.