वंशावळीत लेक कुठे आहे?

मैत्रिणींनो, सध्या आमच्या हिंगोली जिल्ह्यात घरोघरी वंशावळी काढल्या जात आहेत. सप्टेंबर 2023 मध्ये अंतरवाली सराटीचे आंदोलन पेटले, न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि निजामकाळातली दप्तरे उघडली. पुढे 2 सप्टेंबर 2025 च्या शासन निर्णयाने हैदराबाद गॅझेटचा आधार मान्य झाला. मोडी आणि उर्दू वाचू शकणाऱ्या म्हाताऱ्यांना मध्येच भाव आला. आरक्षण कोणाला मिळावे आणि कोणाला नाही, हा वाद मी इथे काढत नाही. मला बोलायचे आहे ते त्या कागदाविषयी.

कागद तुम्हीही पाहिला असेल. वर मधोमध 'मूळ पुरुष'. त्याच्या खाली तीन-चार रेघा, म्हणजे त्याचे मुलगे. त्यांच्या खाली त्यांचे मुलगे. असे पाच-सहा पिढ्या खाली येत येत अर्जदार. या झाडाला बायकोची फांदी नाही, आईची नाही, लेकीची नाही. जुन्या वंशावळीत तर चार लेकींच्या बापापुढे सरळ 'निपुत्रिक' लिहून रेघ थांबवलेली असते. चार जणी जिवंत, लेकुरवाळ्या, आणि कागद म्हणतो वंश खुंटला!

कोणी म्हणेल, जातीच्या दाखल्याला वडिलांकडची साखळी लागते, म्हणून तेवढीच काढतात. त्यात एवढे काय? खरे आहे. 26 जानेवारी 2024 च्या अधिसूचनेच्या मसुद्यात 'सगेसोयरे' या शब्दाची व्याख्या केली होती, तिथेही सोयरीक मोजायची ती वडील, आजोबा, पणजोबा यांच्या पिढ्यांतून. सोयरीक म्हणजे बाई एका घरातून दुसऱ्या घरात जाणे. बाईशिवाय सोयरीक होत नाही, पण मोजताना धरायचा तो आजोबाच.

पण ही केवळ दाखल्याची गोष्ट नाही. वंशावळ हा मुळातच जमिनीचा कागद आहे. देशमुख, देशपांडे, पाटील यांची वतने होती, तेव्हा भाऊबंदांत तंटा लागला की गोतसभा बसे, महजर होई आणि दोन्ही बाजू आपापली वंशावळ मांडत. वि. का. राजवाडे यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'मध्ये असे कितीतरी कागद छापले आहेत. मानपान, हक्क आणि शिवार कोणाकडे जाणार हे ठरवायला पिढ्या सांगितल्या जात. म्हणजे ज्याला वाटा मिळणार त्याचेच नाव लिहायचे, आणि ज्याचे नाव लिहिलेले नाही त्याला वाटा नाही. वंशावळीत बाई येते ती बहुधा एकाच प्रसंगी: नवरा मेला, मूल नाही आणि वतन वाचवायला दत्तक घ्यायचा आहे. दत्तक झाला की रेघ त्याच्या नावाने पुढे जाते.

आपल्या शेजारच्या माहूरचे उदाराम देशमुखांचे घराणे घ्या. त्या घरातल्या सावित्रीबाईंनी कर्त्या पुरुषामागे वतन आणि फौज दोन्ही सांभाळली. औरंगजेबाने त्यांना 'रायबागन' असा किताब दिला. 1661 साली उंबरखिंडीत कारतलबखानाच्या मोगली फौजेबरोबर त्या होत्या. त्या शिवाजी महाराजांच्या विरुद्ध बाजूला होत्या म्हणून आपण त्यांचे नाव फारसे घेत नाही, ते एक असो. पण घराणे आजही ओळखले जाते ते उदारामाच्या नावाने.

हे फक्त आपल्या मुलखातले नाही. अमेरिकेतल्या जुन्या जमीनदार घराण्यांचे वंशवृक्ष फार हौसेने जपले जातात. व्हर्जिनियात थोरल्या मुलाकडे जमीन जाण्याचा नियम होता, तो 1785 मध्ये रद्द झाला. तरी लग्न झालेल्या बाईची मालमत्ता नवऱ्याच्या ताब्यात जाई ती जाईच. न्यूयॉर्कमध्ये तिला स्वतःच्या मालमत्तेचा हक्क देणारा कायदा झाला 1848 साली. आणि त्या जमिनीवर राबणाऱ्या गुलाम बायांचे काय? त्यांची नावे वंशवृक्षात नव्हती, हिशेबाच्या वहीत होती. थॉमस जेफरसन या राष्ट्राध्यक्षाने आपल्या मळ्याची वही ठेवली होती. कोणाला किती धान्य, किती कापड दिले, त्यात सॅली हेमिंग्ज आणि तिची मुले आहेत. 1998 मध्ये डीएनए तपासणी झाली आणि ती मुले जेफरसन घराण्याच्याच रक्ताची असल्याच्या सांगण्याला मोठा आधार मिळाला. तरीही 2002 मध्ये जेफरसनच्या लेकींच्या वंशजांच्या मंडळाने हेमिंग्जच्या वंशजांना घराण्याच्या दफनभूमीत जागा द्यायचे नाकारले. गंमत पाहा, हे मंडळ स्वतः लेकींच्या बाजूचे!

आपल्याकडेही वाड्यांच्या आसऱ्याने अशी मुले जन्मली. त्यांना काय म्हटले जाई ते शरणकुमार लिंबाळे यांच्या 1984 च्या आत्मकथनाच्या नावातच आहे: 'अक्करमाशी'. आई महार, बाप पाटील. पाटलाच्या घराच्या वंशावळीत असे मूल कुठे बसवणार? गावाला सगळे ठाऊक असते, कागदाला नसते. म्हणून मला वाटते, वंशावळ नुसती अपुरी असते असे म्हणणे भाबडेपणाचे आहे. ती कोणाला तरी बाहेर ठेवण्यासाठीच इतकी नीट आखलेली असते.

आता कायदा काय म्हणतो? 1956 च्या हिंदू वारसा कायद्याने बापाच्या हिश्श्यात लेक, बायको आणि आई यांना मुलाबरोबर वारस केले. 1994 मध्ये महाराष्ट्राने वडिलोपार्जित जमिनीत लेकीला जन्मतः हक्क दिला, पण तोवर लग्न झालेल्या मुलींना वगळून. 9 सप्टेंबर 2005 पासून केंद्राच्या दुरुस्तीने ती अट गेली. 11 ऑगस्ट 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केले की, त्या तारखेला बाप जिवंत असला-नसला तरी लेकीचा हक्क आहे. मात्र 20 डिसेंबर 2004 च्या आधी रीतसर झालेल्या वाटण्या मोडत नाहीत. आमच्या कळमनुरी, औंढा भागातल्या आंध आदिवासी बायांना हा कायदा लागू नाही. पण जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका आदिवासी बाईच्या वारसांना समान वाटा देताना म्हटले की, केवळ बाई म्हणून वगळणे समतेच्या विरुद्ध आहे. चळवळीनेही हे आधी करून दाखवले आहे. शेतकरी संघटनेचे चांदवडचे महिला अधिवेशन 1986 चे, आणि पुढे लक्ष्मीमुक्तीत गावोगावच्या शेतकऱ्यांनी बायकोच्या नावे जमीन केली, त्यात मराठवाडाही होता. तरी 2015-16 च्या कृषिगणनेत देशातल्या दर शंभर खातेदारांत बाया 14 च्या आसपासच होत्या.

हे सगळे ठाऊक असूनही मला आत्ता घाई वाटते, ती कागदांच्या गाठीमुळे. एकीकडे दाखल्यासाठी वंशावळी निघताहेत. दुसरीकडे एप्रिल 2025 पासून 'जिवंत सातबारा' मोहिमेत मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावे लावली जात आहेत. वारसनोंदीच्या अर्जाबरोबरही प्रतिज्ञापत्रावर वंशावळ लागते, आणि तिच्यात लेकी, विधवा, आई सगळ्या यायला हव्यात. पण घरात एक वंशावळ तयार असतेच, दाखल्यासाठी काढलेली, फक्त पुरुषांची. तिचीच झेरॉक्स पुढे सरकवायचा मोह होतो. माझ्या पाहण्यात अशी दोन-तीन घरे आली. मुद्दाम केले असे प्रत्येक वेळी म्हणवत नाही, पण बहिणीचे नाव गळाले ते गळालेच.

दुसरा प्रकार याहून वाईट. सासरी असलेल्या बाईला जातीचा दाखला काढायचा, तर माहेरच्या वडील-आजोबांचे कागद लागतात. ते असतात भावाच्या पेटीत. सेनगावकडची एक ताई कागद मागायला माहेरी गेली, तर भाऊ म्हणाला, "देतो की, पण आधी हक्कसोडपत्रावर सही कर." भाऊबीज, चोळी-बांगडी, माहेरपण हे सगळे त्या सहीच्या पलीकडच्या पारड्यात. तिने सही केली. मी तिला दोष देणार नाही. उद्या नवऱ्याने टाकले तर तिला परत जायला तेच एक दार आहे. पण जो कागद मुळात तिच्याही आजोबाचा आहे, तो तिला विकत घ्यावा लागला, हे गटांच्या बैठकीत मोठ्याने बोलले पाहिजे.

आमच्या गटाने सुरू केले आहे ते साधे आहे. बैठकीत प्रत्येकीने आपल्या माहेरची वंशावळ स्वतः काढायची. आजी-पणजीचे नाव, तिचे माहेरचे गाव, आत्या, मावश्या, वारलेल्या, टाकलेल्या, परत आलेल्या. पणजीचे नाव बहुतेकींना येत नाही. मग कोणीतरी म्हाताऱ्या चुलतीला विचारून येते. (लग्नात नाव बदलल्यामुळे एकीची दोन नावे निघतात, दोन्ही लिहायची.) 1 मे 2024 नंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदावर आईचे नाव लागते. त्या मुलांची वंशावळ निघेल तेव्हा ते नाव हाताशी असेल, पण आपल्या पिढ्यांचे आपल्यालाच गोळा करावे लागेल.

बाकी कामाच्या गोष्टी एवढ्या: वारसाचा अर्ज आला की गाव नमुना 6-क मध्ये नोंद होते, ती बघायला मागा. फेरफाराची नोटीस निघते, हरकतीला 15 दिवस असतात. हरकत लेखी द्या, पोच घ्या. नाव गळाले म्हणून हक्क बुडत नाही, फेरफार म्हणजे मालकी नव्हे. पण एकदा जमीन विकली गेली की कोर्टात वर्षे जातात. लेकी लपवून केलेले प्रतिज्ञापत्र हा गुन्हा आहे, हे तलाठ्यासमोर (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचे) भावाला शांतपणे सांगता येते. हक्कसोडपत्र नोंदणीकृत असावे लागते. कोऱ्या कागदावर किंवा 'नुसती हजेरीची सही' म्हणून कोणी अंगठा मागितला तर देऊ नका. आणि बैठकीत काढलेली वंशावळ घरी नेण्याआधी तिची एक प्रत गटाच्या वहीत ठेवा.