सावरून बसण्याचा हक्क

फोटो काढणारे दोन जातींचे असतात, मित्रांनो. एक समोर येऊन विचारतो, काढू का? दुसरा कोटाच्या आत कॅमेरा लपवून बसतो. कलेच्या दरबारात मान या दुसऱ्याला जास्त. माझं भांडण त्याच्याशी आहे.

वॉकर इव्हान्स नावाचा मोठा अमेरिकन फोटोग्राफर होऊन गेला. १९३८ ते १९४१ या काळात तो न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत बसायचा. कॉन्टॅक्स कॅमेरा, त्याचा चकाकणारा भाग काळ्या रंगानं बुजवलेला. कोटाच्या दोन बटणांमधून भिंग बाहेर डोकावायचं, आणि फोटो ओढायची वायर बाहीतून थेट मुठीत. समोरच्या बाकावर बसला तो सापडला. कुणी पेंगतंय, कुणी जांभई देतंय, कुणी पार हरवलेलं. सहाशेच्या वर फोटो काढले. त्यांतल्या ८९ फोटोंचं पुस्तक १९६६ ला आलं. पुस्तक यायला पंचवीस वर्षं गेली. आजच्या मोबाइलवाल्याला पंचवीस सेकंद पुरतात.

या पंथाचं तत्त्वज्ञान एका वाक्याचं आहे. माणसाला कळलं की फोटो निघतोय, की तो मुखवटा चढवतो. न कळता घेतला तरच खरा माणूस सापडतो. शहाणे लोक यावर माना डोलावतात.

कसला मुखवटा? माझ्या आज्याला धुतलेलं धोतर नेसून गावच्या रस्त्यानं जायची चोरी होती. १९२७ ला महाडला बाबासाहेबांनी आपल्या बायांना सांगितलं, लुगडं नेसायची पद्धत बदला, जिच्यावरून जात ओळखू येते ते दागिने टाका. बायांनी ऐकलं. आज माझी आई फोटो म्हटलं की पदर नीट करते, चष्मा पुसते. बाप खिशाला पेन लावतो, सही करण्यापुरतंच त्याचं त्या पेनशी नातं असलं तरी. मान ताठ, नजर समोर. त्या दोन मिनिटांत तीन पिढ्यांची लढाई उभी असते आणि तुम्ही म्हणता हा खोटा माणूस! ज्यांच्या आज्या-पणज्यांना सावरून बसायला कुणी कधी मनाई केली नाही, त्यांनाच गबाळेपणात सत्य दिसतं.

इव्हान्सनंच याचा पुरावा ठेवलाय. १९३६ ला तो अलाबामात वाट्यानं कापूस पिकवणाऱ्या गरीब कुळांकडे गेला होता. तिथं त्यानं माणसं उघडउघड कॅमेऱ्यासमोर उभी केली. काहींनी रविवारचे कपडे घातले होते. त्यातली एक बाई पाठीमागं फळ्यांची भिंत, ओठ मिटलेले, अशी सरळ आपल्याकडे बघते. तिला ठाऊक आहे फोटो निघतोय. जग इव्हान्सला भुयारी रेल्वेपेक्षा त्या बाईच्या नजरेमुळं जास्त ओळखतं. (मी हे सगळं मोबाइलवर पाहिलं. त्या पुस्तकांच्या किमतीत माझं महिन्याचं राशन येतं.)

आता आपल्याकडे या. आमच्या सूतगिरणीतला एक साइडर तिसरी पाळी करून सकाळच्या गाडीत झोपला होता. केसांत कापूस, तोंड उघडं, डोकं शेजारच्याच्या खांद्यावर. कुणीतरी फोटो काढून चढवला. शेकडो लोक हसले, काहींना त्यात कष्टाचं सौंदर्य दिसलं. मला विचाराल तर हसणारे बरे. त्याच्या पोरीनं शाळेत तो फोटो पाहिला. थकवा खरा होता, नाही कोण म्हणतो? पण तो थकवा मालकानं दिलेला आहे. ताठ मान तेवढी त्याची स्वतःची, आणि नेमकी तीच फोटोत नाही.

फोटोवाल्याला विचारलं तर म्हणतो, सार्वजनिक जागा आहे, कायदा अडवत नाही. बरोबर आहे साल्याचं. न्यूयॉर्कमध्ये डिकोर्शिया नावाच्या फोटोग्राफरनं टाइम्स स्क्वेअरला वर दिवे लपवून रस्त्यानं जाणाऱ्यांचे चेहरे लांबून टिपले. त्यात एक म्हातारा कर्मठ ज्यू होता. फोटोच्या एकेका प्रतीला वीस-तीस हजार डॉलर मिळाले. म्हातारा कोर्टात गेला. २००६ ला निकाल लागला, ही कला आहे, परवानगीची गरज नाही. आपल्या बापजाद्यांना राबल्याबद्दल बलुतं तरी मिळायचं.

आणि आपली पोरं? ६ डिसेंबरला दादर स्टेशनवर जा. विदर्भ-मराठवाड्यातनं आलेली म्हातारी गाठोडं उशाला घेऊन फलाटावर कलंडलेली असते, आणि आपलाच कार्यकर्ता वाकून तिचा फोटो घेतो. खाली विद्रोहाच्या चार ओळी टाकतो. तीच म्हातारी सकाळी चैत्यभूमीवर पांढरं लुगडं नेसून, पैसे मोजून, बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारी स्वतःचा फोटो काढून घेते. तिला कुठला फोटो घरी न्यायचाय ते तिनं सांगून टाकलंय की!

चोरून काढायचेच असतील तर वर तोंड करून काढा. गर्दीत आपल्या माणसाच्या कानाखाली ठेवून देणाऱ्या वर्दीचा काढा. जात विचारून सीट बदलणाऱ्याचा काढा. तिथं मी परवानगी मागा म्हणणार नाही. म्हातारीला मात्र उठू द्या, चूळ भरू द्या, पदर घेऊ द्या. मग नाव-गाव विचारा, फोटो काढा, आणि एक छापील प्रत तिच्या पत्त्यावर पाठवा. टपालखर्च मंडळाच्या वर्गणीतून घाला, त्यासाठी माझे पन्नास रुपये आजच जमा धरा.